चौथी बुडी

अकरावा माणूस रुवैसच्या साइटवर अडकल्याचा निरोप सकाळी नऊला आला, तेव्हा गिरिजा वर्कशॉपच्या पँट्रीत प्रसादाच्या मलिद्याचे पोहे भिजवत होती. हे पोहे जास्त भिजले की लगदा होतो आणि कमी भिजले की म्हाताऱ्यांच्या कवळीखाली अडकतात, त्यामुळे तिचं एक लक्ष घड्याळाकडे होतं. तिने निरोप ऐकला, चाळणी हलवली आणि नवऱ्याला विचारलं, आता किती राहिले.

"दहा," हायेम म्हणाला. "दहा पुरतात." मग जरा थांबून त्याने राहिलेलं सांगितलं. "मिथुनला धरून."

एवढं बोलून तो क्रेनच्या चाव्या शोधायला खाली गेला. रविवारी वर्कशॉप बंद होतं, क्रेन चालवायची नव्हती आणि चाव्या त्याच्या खिशातच होत्या. पण हायेम झिराडकर गेली तीस वर्षं असाच संसार करत आला होता. अडचणीची गोष्ट बायकोच्या कानावर घालायची आणि खाली काहीतरी शोधायला जायचं. गिरिजाला त्याचा राग येत नसे. शोधून झालं की तो न चुकता वर येई.

दहाचा प्रश्न असा होता. सेफेर, म्हणजे तोरा या धर्मग्रंथाची हाताने लिहिलेली गुंडाळी, वयात आलेले दहा यहुदी पुरुष जमल्याशिवाय उघडून वाचता येत नाही. कोकणातल्या बेने इस्रायलांना हा नियम लहानपणापासून पाठ असतो. त्यांच्याकडे नियम पुष्कळ आहेत, माणसं तेवढी उरली नाहीत. साठ-सत्तर सालानंतर झिराडकरांच्या गावातून एकेक घर इस्रायलला गेलं. दहाचे सात झाले, सातचे तीन. शेवटी १९९४ साली गिरिजाच्या सासऱ्यांचे, अहरोनबाबांचे, धाकटे भाऊ एलोजी काका दिमोनाहून आले आणि गावच्या मशिदीतली सेफेर आपल्याबरोबर घेऊन गेले. गावात सिनेगॉगला मशीदच म्हणतात. अबुधाबीत हा शब्द काढताना झिराडकर मंडळी आवाज जरा खाली घेतात.

सेफेर गेली आणि मशिदीला कुलूप लागलं. पुढच्या तीस वर्षांत छप्पर बसलं, आत घाणेरीचं रान माजलं, आणि कुणीतरी दिव्यांच्या साखळ्या नेल्या. हे सगळं जसंच्या तसं राहिलं असतं. पण मिथुन एकदा सुट्टीत गावाला गेला आणि परत आल्यावर त्याने जेवता जेवता सांगितलं, की छपराच्या कैच्या, आधाराच्या त्रिकोणी चौकटी, त्याने मोजून आणल्या आहेत.

मिथुन गिरिजाचा एकुलता एक मुलगा. वय अठ्ठावीस, जन्म अबुधाबीचा, मुसफ्फातल्या या वर्कशॉपमध्ये बापाबरोबर फॅब्रिकेशनचं काम. दोन वर्षं त्याने आपली प्रत्येक रजा त्या मशिदीत घातली. नवं छप्पर घातलं, फरशी बसवली, विहीर उपसली. रात्री फोनवर बघून बघून हिब्रू वाचायला शिकला. आता महिन्याभरात तो कायमचा गावाला निघाला होता. तो म्हणायचा, "परत चाललोय." हायेम म्हणायचा, परत कसला, तू तिथे राहिलायस कधी? मिथुन म्हणायचा, कुणीतरी परत जायला नको का? आणि हायेम खाली चाव्या शोधायला जायचा.

सेफेर ठेवायला लागणारं हेखल, म्हणजे देव्हाऱ्यासारखं दोन दारांचं कपाट, मिथुनने इथेच बनवलं होतं. आतून पोलादी सांगाडा, बाहेरून सागवान. ते इतकं जड झालं, की घरी नेता येईना. म्हणून सगळं कुटुंब आज वर्कशॉपच्या माळ्यावर जमलं होतं. एलोजी काका सत्त्याहत्तराव्या वर्षी दोन मुलांना घेऊन तेल अवीवहून आले होते आणि विमानात सेफेरसाठी त्यांनी वेगळी खुर्ची घेतली होती. आज रोशखोदेश, म्हणजे यहुदी महिन्याचा पहिला दिवस. सेफेर उघडायची, वाचायची, नव्या हेखलात ठेवायची आणि मिथुनच्या हवाली करायची, असं ठरलं होतं.

असं ठरलं होतं, पण शुक्रवारी जेवताना काकांनी खडा टाकून पाहिला होता.

काकांचं मराठी १९६९ सालचं होतं. जाताना ते जेवढं घेऊन गेले, तेवढंच त्यांनी जपलं होतं. मोटारीला ते मोटार म्हणत आणि लाइटला बिजली. त्या मराठीत त्यांनी ताटावर बसून सांगितलं, की आपले पूर्वज बाबिलोनच्या बंदिवासातून परत आले तेव्हा त्यांनी आधी यरुशलेमचा तट बांधला. तट झाल्यावर काय केलं? याद्या केल्या. कोण कुणाचा, कुणाची आई कोण. ज्यांनी बाहेरच्या बायका केल्या होत्या, त्यांना त्या सोडायला लावल्या. पोरांसकट.

"Harsh," अस्मी म्हणाली. अस्मी ही हायेमच्या बहिणीची, विनिताची, तेरा वर्षांची मुलगी.

"कायदा तसाच होता, बाळ," काका म्हणाले.

टेबलावर बाहेरची म्हणता येईल अशी बाई एकच होती आणि ती वाढत होती. गिरिजा गावातल्याच भंडाऱ्यांची मुलगी. झिराडकरांच्या आणि तिच्या माहेरच्या घरामध्ये एक चिकूची वाडी होती, एवढंच अंतर. तिने काकांच्या ताटात सुरमईचा आणखी एक तुकडा घातला. त्यांनी तो खाल्ला. तिला वाटलं होतं, इतक्या वर्षांनी या गोष्टीचं काही वाटणार नाही. पण वाटलं. रात्री तिने ती कढई दोनदा घासली.

आज ती पोह्यांत गूळ आणि खोबरं कालवत होती आणि विनिता बाजूला बसून सफरचंदं कापत होती. विनिता शारजात टिफिनचा धंदा करायची, त्यामुळे तिची सुरी भराभर चालायची आणि तोंडही. आज मात्र तोंड बंद होतं. कारण गिरिजाला माहीत होतं. विनिताच्या मुलाला, अयानला, बेरशेवाचं एक स्थळ आलं होतं आणि ते काकांनी आणलं होतं.

"काका काही बोलले तर तू मनावर घेऊ नकोस," अखेर विनिता म्हणाली. "त्यांचं एक आहे. शास्त्राला धरून असतं."

गिरिजाने विचारलं, तुला काही बोललेत का. विनिता म्हणाली, तसं काही नाही, आणि सफरचंदाच्या आणखी फोडी केल्या. मलिद्याला लागतात त्याच्या तिप्पट फोडी झाल्या होत्या.

बाहेर माळ्यावर पुरुष गोळा झाले. खांद्यावर तलीत, म्हणजे प्रार्थनेची शाल, डोक्यावर टोप्या. काका आणि त्यांचे दोघे मुलगे. हायेम. विनिताचा नवरा आणि अयान. दुबईहून आलेले दोघे इंजिनिअर. अजमानचे एक बहिरे आजोबा, त्यांना कुणी कशासाठी आणलंय हे नीट ऐकू आलं नव्हतं, पण ते खूश होते. आणि सगळ्यांत शेवटी, हेखलाला टेकून, मिथुन. त्याने आजोबांचं, अहरोनबाबांचं, तलीत घेतलं होतं. घडीच्या जागी ते पिवळं पडलं होतं.

यहुदी माणसं मोजताना आकडे म्हणत नाहीत, ते अशुभ मानतात. दहा शब्दांचं एक वचन आहे. एकेका माणसाच्या खांद्याला बोट लावायचं आणि एकेक शब्द म्हणायचा. वचन संपलं, की माणसं पूर्ण. अहरोनबाबा असेच मोजायचे. शेवटच्या काही वर्षांत त्यांचं वचन कधी चौथ्या शब्दावर थांबायचं, कधी तिसऱ्यावर, आणि ते तोंड धुवायला निघून जायचे. गिरिजाने हे पाहिलेलं होतं.

काकांनी पहिला शब्द स्वतःच्या छातीला बोट लावून म्हटला. मग मुलगे, मग हायेम, असं करत नववा शब्द अजमानच्या आजोबांवर पडला. काकांचं बोट मिथुनच्या खांद्याकडे निघालं, हवेत थांबलं आणि माघारी आलं.

"एक कमी आहे," ते म्हणाले.

"मिथुन's right there," अयान म्हणाला. विनिताने पँट्रीच्या दारातून त्याच्याकडे असं पाहिलं, की तो हेखलाच्या बिजागऱ्या बघायला लागला.

काका शांतपणे बोलले. मुलगा चांगला आहे, असं म्हणाले. छप्पर घातलं, त्याचं पुण्य त्याला मिळो. पण माणूस आईकडून धरतात, आणि ज्या मशिदीचं दार उघडणाराच नक्की नाही, तिथे सेफेर ठेवायची कशी? संध्याकाळच्या विमानाने ते ती परत घेऊन जातील. छप्पर आहेच. पुढे कधी दहा माणसं जमली, तर बघू.

विनिताचा नवरा दुबईच्या ट्रॅफिकबद्दल काहीतरी म्हणाला. हायेमने खिसा चाचपला. फोरमन सुरेश महाडचा, तो रविवार असूनही मदतीला आला होता आणि जिन्याच्या तोंडाशी उभा होता. त्याने सगळं ऐकलं आणि विचार करून सांगितलं, "साब, माणूस कमी असेल तर मी उभा राहतो. सकाळीच आंघोळ झालीय माझी."

त्याला कुणीतरी थँक्यू म्हटलं.

मिथुनने तलीत खांद्यावरून काढलं आणि पिवळ्या रेघांवर बरोबर घडी केली. "खलास, पप्पा," तो म्हणाला. "एलोजी आजोबांना त्रास नको. फ्लाइटचा टाइम काय आहे? मी सोडतो एअरपोर्टला." आणि तो लोखंडी जिन्याकडे निघाला.

गिरिजाला आजवर पुष्कळ जणांनी पुष्कळ काही म्हटलं होतं. तिची आई मरेपर्यंत तिच्या घरी जेवायची ती संकोचत, आणि झिराडकरांच्या नात्यातल्या काही बायका तिच्या स्वयंपाकात दूध आणि मटण वेगळं ठेवलंय ना, हे भांडी उघडून बघायच्या. ते तिने कधी मोजलं नाही. पण आपला मुलगा ज्या दारासाठी दोन वर्षं खपला, त्याच्याच उंबऱ्यावरून तो पाहुण्यांना एअरपोर्टला सोडायचं बोलत होता, आणि तेही इतक्या नीट, घरात शिकवलं तसं. हात खोबऱ्याने भरलेले होते. ती तशीच बाहेर आली.

"मिथुन, थांब तिथेच," ती म्हणाली. मग काकांकडे वळली. "काका, मी पाण्यात किती वेळा बुडाले होते?"

काकांनी डोक्यावरची टोपी सारखी केली.

"चौऱ्याण्णव साल. लग्नाच्या आधी मला यहुदी करून घेतलंत तेव्हा. गावच्या पुळणीवर, ओहोटी लागायच्या आधी. विधीला तीन माणसं साक्षीला लागतात. बाबा होते, मशिदीत प्रार्थना सांगणारे हजान होते, आणि तिसरं माणूस गावात नव्हतं. तुम्ही सेफेर न्यायला आला होता. बाबा तुम्हाला म्हणाले, सेफेर पाहिजे तर तिसरा म्हणून उभा राहा."

"मला आठवत नाही," काका म्हणाले.

"तुम्ही तिघं पाठ करून उभे होता. हायेमच्या आई माझ्याबरोबर पाण्यात होत्या. तीन बुड्या झाल्या. हजान म्हणाले, झालं. तुम्ही पाठ न वळवता विचारलंत, वहिनी, केस बुडाले का? आई म्हणाल्या, बुडाले वाटतं. तुम्ही म्हणालात, वाटतं नको, परत. तेव्हा मी चौथी बुडी मारली. नाकात पाणी गेलं माझ्या." ती नणंदेकडे वळली. "विनू, टॉवेल कुणाच्या हातात होता?"

विनिता त्या वेळी सोळा वर्षांची होती. आता ती पँट्रीच्या दारात उभी होती आणि तिच्या हातात सफरचंदाची एक अतिशय पातळ फोड होती. तिने अयानकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं. बेरशेवाचं स्थळ चांगलं होतं, मुलगी नर्स होती. गिरिजाला तिची दया आली, पण तिने नजर काढली नाही.

"माझ्या," विनिता म्हणाली. "पिवळा टॉवेल. काका, तुम्ही मला ओरडला होता, की टॉवेल वाळूत लागतोय." आणि एकदा तोंड उघडल्यावर तिला ते मिटता येईना. "आता स्थळ मोडायचं तर मोडा. पण टॉवेल माझ्याच हातात होता."

"What स्थळ?" अयानने विचारलं.

"तेव्हा आता असं आहे, काका," गिरिजा म्हणाली. "बुडी खरी असेल, तर मिथुन तुमचा दहावा आहे. खोटी असेल, तर बाबांनी सेफेर तुम्हाला खोट्या गोष्टीवर दिली. मग ती परत न्यायची कशी, ते तुम्हीच सांगा."

काका खुर्ची शोधत होते. सुरेशने वेल्डिंगचं स्टूल पुढे केलं. ते त्यावर बसले. मग म्हणाले, की आठवतं.

आठवत होतंच, ते म्हणाले. पण तिथे इस्रायलमध्ये शहाण्णव साली त्यांच्या मुलीचं लग्न ठरलं. लग्नाच्या कचेरीतला कारकून आपल्या लोकांना आईची आई, तिची आई, अशी नावं विचारी. कोकणातून आलेल्यांनाच विचारी. पोलंडवाल्यांना नाही. काकांना पन्नाशीला टेकताना त्या बाकावर बसून सिद्ध करावं लागलं, की आपण आपणच आहोत. दोन हजार वर्षं शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवणारे लोक, आणि कारकून वीस-बावीस वर्षांचा पोरगा. त्याने विचारलं, घराण्यात बाहेरची बाई आहे का? काकांनी लिहून दिलं, नाही. खाली सही केली. घरी आले आणि त्या दिवसापासून पुळणीची गोष्ट त्यांनी कुणाला सांगितली नाही, दादाच्या पत्राचं उत्तरही दिलं नाही.

"मुलीचं लग्न झालं पाहिजे होतं," काका म्हणाले. त्यांचे डोळे भरले. त्यांच्या दोन मुलांना मराठी येत नव्हतं, पण बाप रडतोय हे कळायला भाषा लागत नाही आणि ते दोघंही एकाच वेळी पाण्याची बाटली घेऊन पुढे आले.

हायेमने खिशातून चाव्या काढल्या, बघितल्या आणि परत ठेवल्या. "पण काका," तो म्हणाला, "मग तुम्ही लिहून दिलंत ते खरंच आहे की. बाहेरची कोण आहे इथे?"

तीस वर्षांत हायेमने भर मंडळीत बायकोच्या बाजूने काढलेलं हे पहिलं वाक्य. काढून झाल्यावर तो स्वतःच जरा दचकलेला दिसला. खाली मात्र गेला नाही. गिरिजाने त्याच्याकडे पाहिलं आणि तिला एकाएकी फार बरं वाटलं.

अजमानच्या आजोबांनी मोठ्याने विचारलं, सुरू का करत नाही?

काका उठले. त्यांनी मिथुनच्या हातातलं तलीत घेतलं, उलगडलं, त्याच्या खांद्यावर घातलं आणि घडीच्या रेघेवरून एकदा हात फिरवला. ते आपल्या भावाचं आहे, हे बहुतेक त्यांना तेव्हाच कळलं. मग त्यांनी मोजायला पुन्हा सुरुवात केली. या वेळी पहिला शब्द मिथुनवर. मग आजोबा, इंजिनिअर, अयान, त्याचा बाप, हायेम, मुलगे. नऊ शब्द झाले. दहाव्याला त्यांनी आजूबाजूला पाहिलं, जसं काही एक माणूस खरंच कमी पडतंय, आणि मग स्वतःच्या छातीवर हात ठेवून वचन पुरं केलं.

सेफेर उघडली. वाचताना मिथुन दोन ठिकाणी अडखळला आणि दोन्ही ठिकाणी काकांनी हळूच सुधारलं, तेवढंच. हेखलाची दारं लावताना आवाज झाला नाही. सुरेशने बिजागऱ्यांना सकाळी तेल दिलं होतं आणि ते त्याने सगळ्यांना सांगितलं.

मलिदा वाटायची वेळ झाली, तेव्हा पोहे जरा जास्तच भिजले होते. सफरचंद वाटेल तेवढं होतं. काका ताट घेऊन पँट्रीच्या दाराशी आले. धार्मिक माणूस, परक्या बाईच्या हाताला हात लावत नाहीत, म्हणून त्यांनी ताट कट्ट्यावर ठेवलं आणि गिरिजाने त्यात वाढलं.

"केस तिसऱ्या बुडीलाच बुडाले होते," काका म्हणाले. "वहिनीचं 'वाटतं' असंच असायचं, सवय होती तिची. मला माहीत होतं."

"मग चौथी कशाला?"

"पुढे कधी कुणी विचारू नये म्हणून."

गिरिजाने चमचा परातीत ठेवला.

"कुणी विचारलं नाही, काका," ती म्हणाली. "तुम्हीच विचारलंत."

काकांनी मान हलवली. मग ताट तिच्याकडे पुन्हा थोडं सरकवलं, आणि तिने त्यांना आणखी वाढलं.